वाचकांचे प्रश्न : गावाची एस.टी.

गेल्या काही महिन्यांत खेड्यांतील एस.टी. सेवेविषयी अनेक पत्रे आली आहेत. काहींना इतिहास जाणून घ्यायचा आहे, तर काहींच्या गावातील फेरी बंद झाल्याने त्यांना उत्तरे हवी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून, आवश्यक तेथे पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त करून, त्यांची उत्तरे या वेळच्या सदरात दिली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा ‘सर्व्हिस मोटारी’ने साताऱ्याला जात असत, असे वडील सांगतात. एस.टी. येण्यापूर्वी खेड्यांतील प्रवासाची व्यवस्था कशी होती आणि सरकारला स्वतः गाड्या चालवाव्यात असे का वाटले? (एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा)

उत्तर : पहिल्या महायुद्धानंतर, विशेषतः १९२० नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात खासगी मोटारींचा धंदा वाढला. एक किंवा दोन गाड्यांचा मालक स्वतःच चालवी, स्वतःच पैसे घेई आणि गाडी भरल्याशिवाय हलवत नसे. बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्यावर गाड्यांची झुंबड उडे, भाडे खाली येई, आणि इतर दिवशी त्याच रस्त्यावर तासन्‌तास काहीही नसे. भाड्याचा दर, सुटण्याची वेळ, माणसांची संख्या यांपैकी कशावरच बंधन नव्हते. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या गोखले संस्थेने इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. अर्थशास्त्राच्या एका संस्थेला हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा वाटला, यावरूनच तोवर मोटारीने ग्रामीण जीवनात किती जागा घेतली होती याची कल्पना येते.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची पद्धत आणली आणि एकेका भागातील मालकांना संघ करून ठरलेल्या मार्गांवर गाड्या चालवण्यास भाग पाडले. वेळापत्रक, ठरलेले थांबे, तिकिटाचा निश्चित दर आणि वाहक या गोष्टी या काळात रुळू लागल्या. आजोबा ज्या सर्व्हिस मोटारीने जात, ती बहुधा अशाच एखाद्या संघाची असावी. परंतु मूळ अडचण या कायद्याने सुटली नाही. परवाना असलेला मालकही ज्या रस्त्यावर उतारू मिळत तेथेच गाडी पाठवी, आणि घाटाखालच्या किंवा नदीपलीकडच्या वस्तीकडे जाण्याचे त्याला काही कारण नसे. त्यात त्याचा दोष काढता येणार नाही, कारण त्याच्याजवळ एका गाडीचा तोटा दुसऱ्या गाडीतून भरून काढण्याची सोयच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेण्याचे ठरवले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली. किसन राऊत हे तिचे चालक होते आणि लक्ष्मण केवटे हे वाहक. बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची, काथ्याच्या आसनांची ती गाडी निळ्या आणि चंदेरी रंगाची होती. आपल्या डोळ्यांसमोर असलेला लाल रंग पुढे आला. १९५० मध्ये केंद्राने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला, त्यानुसार मुंबई राज्याचे महामंडळ उभे राहिले आणि पुढे त्याचेच महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली ती मोठ्या रस्त्यांवर, आणि ती खेड्यांत पोहोचायला पुढची तीस-चाळीस वर्षे लागली, कारण बहुतेक खेड्यांना रस्ताच नव्हता. १९४३ च्या नागपूर परिषदेत देशाच्या रस्त्यांची जी योजना आखली गेली, तिचेही स्वप्न एवढेच होते की विकसित शेतीच्या भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर राहू नये. याचा अर्थ पाच मैल चालत जाऊन गाडी पकडणे ही त्या काळी सुस्थिती मानली जात होती. ‘फाटा’ हा शब्द आपल्या प्रवासात इतका महत्त्वाचा झाला तो यामुळेच. गावाचे नाव वेगळे, गाडी थांबण्याचा फाटा वेगळा, आणि मधले अंतर पायी किंवा बैलगाडीने.

१९७२ च्या दुष्काळाने या परिस्थितीत मोठा बदल घडवला. दुष्काळी कामांत आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेत हजारो मजुरांनी खडी फोडली, मुरूम टाकला आणि फाट्यापासून गावापर्यंतचे रस्ते तयार केले. आपल्याकडील अनेक खेड्यांत एस.टी. ज्या रस्त्याने पहिल्यांदा आली, तो रस्ता त्याच गावातील स्त्री-पुरुषांनी उपाशीपोटी केलेल्या श्रमांतून झालेला आहे. एस.टी.च्या इतिहासात गाड्यांच्या बनावटीविषयी खूप लिहिले जाते आणि या श्रमांविषयी फार थोडे, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या भागात एस.टी.च्या आधी ‘निजामाची बस’ होती असे वृद्ध मंडळी म्हणतात. यात तथ्य आहे का? (एक वाचक, ता. कंधार, जि. नांदेड)

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यासह स्वतःचा मार्ग परिवहन विभाग सुरू केला होता. सार्वजनिक मालकीची बससेवा संस्थानात मुंबई राज्याच्या सोळा वर्षे आधी आली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. रेल्वेचीच सेवा असल्याने रेल्वे आणि बस यांनी एकमेकांचे उतारू पळवण्याऐवजी परस्परांना पूरक व्हावे, हा विचार तिच्या मुळाशी होता.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याबरोबर तेथील गाड्या, आगारे आणि माणसेही आली. विदर्भात नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस होती, तीही अशाच रीतीने या राज्याकडे आली. उलट बेळगाव-धारवाडकडील सेवा म्हैसूर राज्याकडे गेली, आणि १९६० मध्ये गुजरातचे महामंडळ वेगळे झाले. १९६१ मध्ये मुंबई राज्य, मराठवाडा आणि विदर्भ या तिन्हींच्या परंपरा एका महामंडळात एकत्र आल्या. जुन्या मुंबई राज्यातील जिल्हे, मराठवाडा आणि विदर्भ येथील वृद्धांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

प्रश्न : आमची आजी ‘मुक्कामी गाडी’ची फार आठवण काढते. ही पद्धत काय होती? (एक विद्यार्थिनी, ता. जुन्नर, जि. पुणे)

उत्तर : आपल्या आजींना ती गाडी आठवते, यात नवल नाही, कारण खेड्याच्या दृष्टीने एस.टी.च्या साऱ्या व्यवस्थेत मुक्कामी गाडीइतकी जिव्हाळ्याची दुसरी गोष्ट नव्हती.

तालुक्याच्या आगारातून संध्याकाळी शेवटची फेरी गावात येते, रात्री गाडी गावातच राहते आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला जाते, ही ती पद्धत. तिच्यामागे साधा हिशेब होता. शेवटची फेरी गावात सोडून गाडी आगारात परत नेली तर ती रिकामी जाणार, आणि पहाटे गावात आणताना पुन्हा रिकामी येणार. मुक्कामामुळे हे दोन्ही खर्च वाचत आणि चालक-वाहकांना रात्रीचा भत्ता देऊनही महामंडळाला ते परवडे. गावाला याचा लाभ असा की सकाळी लवकर तालुक्याला पोहोचून कचेरीतील, दवाखान्यातील किंवा बाजारातील काम उरकून त्याच दिवशी घरी येता येई. मुक्कामी गाडी येण्यापूर्वी अशा कामासाठी तालुक्याच्या गावी कोणाकडे तरी वस्तीला राहावे लागे. आठवीनंतर गावातील मुली शाळेत जाऊ लागल्या, त्यातही या पहाटेच्या गाडीचा वाटा मोठा आहे, असे मी ठामपणे म्हणेन. वडिलांना मुलगी तालुक्याच्या शाळेत पाठवण्याचे धैर्य होई, कारण गाडी गावातूनच सुटे, चालक-वाहक ओळखीचे असत आणि संध्याकाळी तीच गाडी तिला दारात आणून सोडे.

चालक-वाहकांच्या झोपण्याची सोय गावाने करायची, हा अलिखित करार होता. कोठे मारुतीचे देऊळ, कोठे शाळेची किंवा ग्रामपंचायतीची खोली, कोठे एखाद्या घरची ओसरी. पिण्याचे पाणी, कंदील आणि थंडीच्या दिवसांत घोंगडी गावातून येई. दिवसभराच्या तिकिटांचे पैसे वाहकाजवळ असत, त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही गाव आपलीच मानत असे. बॅटरी अशक्त असलेली गाडी चालक मुद्दाम उतारावर लावत, म्हणजे पहाटे ती ढकलून सुरू करता येई, आणि ढकलायला गावातील तरुण हजर असत.

या गाडीतून केवळ माणसे जात नव्हती. टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टपावर भाजीच्या पाट्या आणि कोंबड्यांच्या डालग्या, आणि तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे त्याच गाडीने जात. सकाळी आईने भरलेला डबा वाहकाच्या भरवशावर पंचवीस-तीस किलोमीटर प्रवास करून बसस्थानकावर उभ्या असलेल्या मुलाच्या हाती पडे आणि रिकामा डबा संध्याकाळी परत येई. अशा डब्यांवर महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेल्या माणसांची एक पूर्ण पिढी आज महाराष्ट्रात आहे.

प्रश्न : आमच्या गावची फेरी ‘उत्पन्न कमी’ म्हणून बंद झाली. पूर्वीही आमच्या गावात फार उतारू नव्हते, तरी गाडी येत होती. मग आताच ती का परवडत नाही? (ग्रामपंचायत सदस्य, ता. आटपाडी, जि. सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नातच एस.टी.च्या इतिहासाचे मर्म आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

खेड्यातील फेरी पूर्वीही स्वतःच्या उत्पन्नावर चालत नव्हती. साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते आणि टप्प्याचा दर महामार्गावर व आडवळणाच्या रस्त्यावर सारखाच असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर डिझेल अधिक लागते, टायर आणि कमानी लवकर जातात, गाडी अर्धी रिकामी असते, तरी भाडे तेच. ही तूट पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांना जोडणाऱ्या भरगच्च मार्गांवरील उत्पन्नातून भरून निघत असे. महामंडळाला प्रवासी वाहतुकीचा एकाधिकार देण्यामागचे कारणही हेच होते. १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून राज्य परिवहन संस्थांसाठी मार्ग राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली आणि १९८८ च्या कायद्यातही ती कायम राहिली. फायद्याचे मार्ग एका हाती असतील तरच तोट्याची गावे सांभाळता येतात, असा तो विचार होता, आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

ही व्यवस्था दोन्ही टोकांकडून सैल झाली. लांबच्या मार्गांवर खासगी आरामगाड्या आल्या. त्यांचा परवाना कराराच्या वाहतुकीचा, म्हणजे पूर्ण गाडी एखाद्या गटाला भाड्याने देण्याचा, असला तरी प्रत्यक्षात त्या एकेका प्रवाशाला तिकीट देऊन चालत राहिल्या आणि एस.टी.चे हक्काचे उत्पन्न त्यांच्याकडे वळले. खेड्याच्या टोकाला वडाप, काळी-पिवळी जीप आणि टमटम आली. बाजाराच्या दिवशी एस.टी.च्या पाच मिनिटे आधी थांब्यावरून माणसे उचलायची आणि एरवी फिरकायचे नाही, ही १९३९ च्या आधीची रीत पुन्हा सुरू झाली. त्यानंतर घरोघरी दुचाकी आल्या. कर्ते पुरुष दुचाकीवरून जाऊ लागले आणि एस.टी.च्या थांब्यावर विद्यार्थी, स्त्रिया आणि वृद्ध उरले, म्हणजे ज्यांच्याजवळ दुसरा उपाय नाही आणि ज्यांचे भाडे सवलतीचे आहे असे लोक. याशिवाय एस.टी.च्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर होता. जी संस्था राज्याच्या वतीने तोट्याची गावे सांभाळत होती, तिच्याकडून राज्यच असा कर घेत होते, ही गोष्ट न्याय्य होती असे मला वाटत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सेवा थांबली. पाठोपाठ २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न खरा होता आणि त्यांच्यापैकी अनेकांनी त्या काळात फार सोसले, परंतु खेड्यांच्या दृष्टीने परिणाम असा झाला की एवढ्या दीर्घ खंडानंतर अनेक फेऱ्या परत सुरूच झाल्या नाहीत. गाड्या जुन्या होऊन मोडीत निघाल्या, त्या प्रमाणात नव्या आल्या नाहीत, आणि गाड्या अपुऱ्या असल्या की आगार व्यवस्थापक प्रथम कमी उत्पन्नाची फेरी रद्द करतो. आपली फेरी बहुधा या साखळीतच गेली असावी.

तथापि चित्र केवळ निराशेचे नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यावर गाड्या पुन्हा भरू लागल्या. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते, म्हणून सवलतीचा प्रवासी हा महामंडळाच्या हिशेबात तोट्याचा प्रवासी नाही. फेरी परत मागताना हा मुद्दा आवर्जून मांडावा. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या गाड्या चालतात आणि त्यांचा खर्च त्या कार्यक्रमातून होतो. आपला तालुका त्यांत येतो का, हे जिल्हा नियोजन कार्यालयात विचारता येईल. अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव, शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींची यादी, रस्त्याच्या स्थितीविषयी बांधकाम विभागाचे पत्र आणि गावात गाडी वळवण्यास पुरेशी जागा असल्याचा उल्लेख असावा. अर्ज आगार व्यवस्थापकांकडे देऊन त्याची प्रत विभाग नियंत्रकांकडे पाठवावी. वेळ कोणती हवी हे नेमके लिहावे, कारण दुपारी बारा वाजता येणारी गाडी रिकामीच जाते आणि सहा महिन्यांनी त्याच रिकाम्या गाडीचा दाखला देऊन फेरी बंद होते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील गर्देवाडा आणि वांगेतुरी या भागात एस.टी. प्रथम आली ती १ जानेवारी २०२५ रोजी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच जिल्ह्यातील कटेझरी या गावात पहिली गाडी पोहोचली. खेड्यांत एस.टी. नेण्याचे काम केव्हाच पूर्ण झाले, असे शहरात बसून वाटते, प्रत्यक्षात ते अजून चालूच आहे.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. येथील काही खेड्यांत गावकरी स्वतः बस चालवतात. आपल्याकडे असे का होत नाही? (एक वाचक)

उत्तर : तेथील या पद्धतीची सुरुवात १९७५ मध्ये नॉर्फक परगण्यात झाली. तोट्यामुळे नेहमीची बस बंद पडत चाललेल्या खेड्यांना एक लहान बस देण्यात आली आणि गावातील स्वयंसेवकांनी प्रशिक्षण घेऊन ती विनावेतन चालवली. १९७८ च्या कायद्याने अशा सेवांना रीतसर मान्यता मिळाली. नेदरलँड्स आणि जर्मनी येथेही पुढे अशाच सेवा उभ्या राहिल्या. तेथे चालवणारे बहुतेक निवृत्त लोक असतात, ज्यांच्याजवळ परवाना, वेळ आणि निवृत्तिवेतन असते.

आपल्याकडे राखीव मार्गांवर तिकीट घेऊन प्रवासी नेण्याचा अधिकार महामंडळाचा आहे, हा एक अडसर. दुसरे असे की आपल्या खेड्यांत सकाळच्या फेरीला साठ-सत्तर माणसे असतात, आणि लहान गाडी व हौशी चालक यांवर तेवढा भार टाकणे धोक्याचे होईल. गावाचा सहभाग मात्र आपल्याकडे नव्हता असे नाही. रस्त्यासाठी जमीन सोडणे, श्रमदान, निवाऱ्याची शेड, मुक्कामाची सोय हे सारे गावानेच केले. गाडी आणि पगार महामंडळाचा, बाकीची व्यवस्था गावाची, ही आपल्याकडील रीत आपल्या परिस्थितीला अधिक मानवणारी होती.

प्रश्न : गावात पहिली एस.टी. केव्हा आली, याविषयी आमच्या गावात तीन वेगवेगळी वर्षे सांगितली जातात. खरे वर्ष कसे शोधावे? (एक शिक्षिका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी)

उत्तर : प्रथम ग्रामपंचायतीची जुनी ठरावपुस्तके पाहावीत. गाडीची मागणी, निवारा शेड, रस्त्यासाठी जमीन आणि चालक-वाहकांसाठी खोली असे ठराव त्यांत बहुधा सापडतात आणि त्यांवरून वर्ष एक-दोन वर्षांच्या अंतरात निश्चित होते. शाळेच्या नोंदवह्याही उपयोगी पडतात. गावातील मुले तालुक्याच्या विद्यालयात एकाएकी अधिक संख्येने जाऊ लागली, ते वर्ष त्या विद्यालयाच्या दाखल-खारीज रजिस्टरात दिसते. रत्नागिरी विभागाच्या जुन्या वेळापत्रकांविषयी विभागीय कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येईल, आणि जिल्ह्यातील वृत्तपत्रांचे जुने अंक जिल्हा ग्रंथालयात चाळता येतील.

तीन वर्षे सांगितली जातात, म्हणून त्यांतील दोन चुकीचीच असतील असे मात्र समजू नका. कोकणात अनेकदा गाडी आधी फाट्यापर्यंत येई, काही वर्षांनी पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (लहान पूल) किंवा फरशी झाली की फक्त उन्हाळ्यात गावापर्यंत येई, आणि मोठा पूल झाल्यावर बारमाही होई. ज्याच्या वाडीजवळ गाडी ज्या वर्षी आली, त्याच्या मनात तेच पहिले वर्ष असते. म्हणून प्रत्येक वाडीतील वृद्धांना, विशेषतः बाजाराला जाणाऱ्या स्त्रियांना, गाडी नेमकी कोठपर्यंत येई आणि पावसाळ्यात कोठे थांबे, असे स्वतंत्रपणे विचारून तिन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. जुने पास आणि तिकिटे कोणाकडे असतील तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि आपल्या आगारातून निवृत्त झालेले वाहक हयात असतील तर हे काम लवकर करावे.